एका कानाची टेप

सुतळीने रविवारी सकाळी रेकॉर्डींचे चार खोके आणून ताईच्या दुकानात टाकले, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "ठेव तुझ्याकडे. नाहीतर वाटून टाक कुणाला. आमच्या घरात आता जागा नाही."

ही शुद्ध थाप होती. त्याच्या घरात जागा तीस वर्षांत कधीच नव्हती. या खोक्यांपायी त्याच्या बायकोने कपड्यांचं कपाट स्वयंपाकघरात नेलं होतं, आणि आमच्या टॉवेलला कांद्याचा वास येतो हे ती आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची. मग जागेचं कारण आजच कुठून उपटलं, हे ताईला विचारायचं होतं. पण सुतळी आला तसा निघालासुद्धा. चहालाही थांबला नाही. चहाला न थांबणारा सुतळी ताईने जन्मात पाहिला नव्हता.

सुतळी म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. लहानपणी असा वाळकुडा की वाऱ्याने उडून जाईल म्हणून ताई त्याची बाही धरून रस्ता ओलांडायची. आता पन्नाशी उलटली, पोट सुटलं, डोक्यावरचं छप्पर उडालं, पण नाव चिकटलं ते चिकटलं. तो काचेच्या दुकानात काच कापतो. कापताना काच कशी करकरते त्यावरून ती सरळ तुटणार की वाकडी, हे तो तुटायच्या आधीच सांगतो. ताई त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. ती शिलाई मशीन दुरुस्त करते. तिच्या हाताला गुण असा, की लोक बिघडलेला पंखाही तिच्याकडेच आणतात, आणि "मी काय पंखेवाली आहे का?" असं ओरडत ओरडत ती तोही लावून देते.

संध्याकाळी भावजय आली तेव्हा खरं काय ते कळलं. भाजी आणते म्हणून ती घरातून निघाली होती आणि रिकामी पिशवी मांडीवर घेऊन दुकानातल्या स्टुलावर बसून राहिली.

"ताई, मी सांगितलं म्हणून सांगू नका," ती म्हणाली. "मध्ये आलेल्या त्या तापानंतर यांचा डावा कान गेलाय. पार गेलाय. डॉक्टर म्हणाले, आता परत येणार नाही."

"मला तर म्हणाला, जरा दडे बसलेत."

"सगळ्यांना तेच सांगतात. कामावर कुणाला पत्ता नाही. डावीकडून कुणी बोललं की नुसतं हसतात आणि मान हलवतात. परवा शेजारच्यांनी सांगितलं, त्यांच्या सासूबाई गेल्या. तर हे म्हणाले, वा वा, छान झालं."

ताईला हसू फुटलं आणि लगेच त्याची लाज वाटली. भावजयही हसली. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

"हेडफोन लावतात आणि दोन मिनिटांत काढून ठेवतात. म्हणतात, अर्धं गाणं कुणीतरी कापून नेलंय. चार महिने झाले, ताई. कामावरून आले की भिंतीकडे बघत बसतात. कुणाकडे जाणं नको, कुणी येणं नको. आणि आज खोकेही उचलून आणले तुमच्याकडे."

ती गेल्यावर ताई बराच वेळ खोक्यांकडे बघत बसली. रेकॉर्डी गेल्या तर गेल्या, त्याचं काही नाही. पण त्यांच्यामागून भाऊही असाच एकेक पाऊल मागे सरकत जाईल आणि एक दिवस फक्त लग्नाकार्याला भेटेल, या विचाराने ती साफ घाबरली.

त्या खोक्यांत हिप-हॉप होतं. तेही सगळं नव्हे. सुतळीच्या मते त्या संगीताचा सुवर्णकाळ एकूण सात-आठ वर्षांचा, आणि त्यानंतर जे झालं त्या सगळ्या जाहिराती. माणसाच्या डोक्यावर केस असतात त्या काळालाच तो सुवर्णकाळ म्हणतो, असं ताई त्याला चिडवायची. पण मनातून तिलाही पटायचं, की तो काळ सोन्याचाच होता. कुठल्या लांबच्या शहरातली पोरं, बापाच्या जुन्या रेकॉर्डींतून एक ढोल उचलायची, दुसरीतून तुतारी उचलायची, सुईखाली रेकॉर्ड पुढेमागे खरवडायची आणि त्यावर असं काही भराभर बोलायची, की श्वास कधी घ्यायचा हे ऐकणाराच विसरायचा.

या दोघांनी त्या काळात किती मिक्सटेप बनवल्या असतील याची गणती नाही. एका रेकॉर्डवरचं एक गाणं, दुसरीवरचं दुसरं, मध्ये सांधा दिसता कामा नये. कामाची वाटणी ठरलेली. तोंड सुतळीचं, हात ताईचे. सुतळीला प्रत्येक गाण्याचा शब्दन् शब्द पाठ. तो खोलीभर फिरत, हात नाचवत, रेकॉर्डवरच्या गड्याच्या बरोबरीने बोलायचा. ताई डेकसमोर मांडी घालून बसायची आणि पॉजच्या बटणावर बोट ठेवून ढोलाच्या नेमक्या ठोक्याला ते सोडायची. तिचं बोट कधी चुकलं नाही. पण तिने स्वतः एक ओळ कधी तोंडातून काढली असेल तर शपथ. सुतळी म्हणायचा, बोल की! ती म्हणायची, माझी जीभ जड आहे, मला माझं बटण बरं.

आणि त्यांचा एक नियम होता. टेप बनवणाऱ्याने ती आधी ऐकायची नाही. पहिलं ऐकणं ज्याच्यासाठी बनवली त्याचं. हा नियम करण्याचं कारण ताई स्वतःच. आधी ऐकली की तिला चुका दिसायच्या, मग ती पुसून पुन्हा भरायची, मग पुन्हा ऐकायची. अशाने एक टेप वर्षभर रखडली होती आणि ज्या मैत्रिणीच्या वाढदिवसासाठी ती होती, तिचा पुढचाही वाढदिवस होऊन गेला होता. तेव्हापासून कायदा कडक.

दुसऱ्या दिवशी ताईने दुकानाचं दार ओढून घेतलं, डाव्या कानात कापसाचा हा मोठा बोळा कोंबला, त्यावर हेडफोन चढवला आणि दुरुस्तीला आलेल्या एका गिऱ्हाइकाच्या प्लेयरवर खोक्यातली पहिली हाताला लागेल ती रेकॉर्ड लावली. तिला सुतळीचं दुःख कानाने मोजायचं होतं.

बोलणारा मधोमध होता, तो ऐकू आला. पण तुतारी कुठे गेली? ती डावीकडे होती, ती गेली. दुसऱ्या गाण्यात मागून "हो! हो!" करणारी अख्खी मंडळी गायब. तिसऱ्यात सुईची खरवड डावीकडून सुरू होऊन उजवीकडे यायची, ती आता अचानक कुठूनही उगवत होती. ताईने बोळा काढला आणि कपाळाला हात लावला. अर्धं जेवणाचं ताट समोरून ओढून न्यावं, तशातली गत. पोरगा भिंतीकडे बघत बसतो यात नवल नव्हतं.

पण दुखणं कळलं की ताईचे हात शिवशिवतात. उपाय तिच्या मते सोपा होता. डावं आणि उजवं एकत्र करायचं. दोन तारांची एक तार करून डेकला जोडायची, म्हणजे टेपवर दोन्ही बाजूंना सगळंच येईल आणि एकाच कानात अख्खं गाणं जाईल. अशी टेप तिने बनवायची, सुतळीने वॉकमनवर ऐकायची, आणि खोके त्याचे त्याने घरी न्यायचे. यात एकच अडचण. ही टेप देणं म्हणजे तुझ्या कानाचं मला माहीत आहे हे तोंडावर सांगणं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही अशा जातीचा माणूस तो. चिडला तर खोके राहतील बाजूला, ताईशीही बोलणं टाकेल.

"मग सांगू नकोस," ताईचा नवरा म्हणाला. तो बस डेपोत वेळापत्रक लावायचा आणि घरातही त्याला सगळे वेळापत्रकच म्हणत. "नुसती दे. त्याला कळेल तेव्हा कळेल."

"अहो, पण लपवालपवी तर तो करतोय. आता मीही करू?"

यावर वेळापत्रक वर्तमानपत्राआड गेला.

दुकानाच्या माळ्यावर ताईचा जुना रेकॉर्ड प्लेयर आणि कॅसेट डेक होता. डेकचं रबर विरघळून डांबर झालं होतं. तिथे ताईने बॉबीन भरायच्या चाकाचं रबर बसवलं आणि डेक नव्या नवरीसारखा गोल गोल फिरायला लागला. प्लेयरच्या सुईमागे केसासारख्या बारीक चार तारा असतात, पांढरी, निळी, लाल, हिरवी. त्यातल्या लाल आणि हिरवी निखळल्या होत्या. कुठली तार कुठल्या खिळ्याला, हे सांगायला खिळ्यांशेजारी मोहरीएवढे रंगीत ठिपके होते. ते बघायला चष्मा हवा. चष्मा ताईने टेबलावर शोधला, खणात शोधला, मशीनखाली वाकून शोधला. तो तिच्या डोक्यावर होता. काखेत कळसा म्हणतात तो हा.

शेवटी कंटाळून तिने तारा तशाच अंदाजाने खोचल्या. तीस वर्षं ती शिलाई मशीनच्या पेडलला तारा जोडत आली होती, आणि त्या दोन तारा सुलट लावा नाहीतर उलट लावा, मशीन आपलं चालतंच. हिला वाटलं, इथेही तसंच. लालच्या जागी हिरवी गेली, हिरवीच्या जागी लाल. हेडफोन लावून पाहिला तर दोन्ही कानांत आवाज खणखणीत. उलट बोलणाऱ्याचा आवाज आता जरा पसरून, डोक्यामागून आल्यासारखा वाटत होता. ताईला ते आवडलंसुद्धा. जुनं यंत्र आहे, मुरलंय, असं ती म्हणाली.

मग तीन आठवडे तिने जो आनंद लुटला, तो तिला दिवाणखान्यातल्या सोफ्यावर बसून कधी मिळाला नव्हता. रोज संध्याकाळी सहाला दुकान बंद, आणि सव्वासहाला डेक सुरू. कोणत्या गाण्यामागे कोणतं लावायचं यावर ती मशीनला तेल देतानाही विचार करायची. संथ गाण्याला लागून एकदम धावतं घेतलं तर ठेच लागते. दोन बढाईखोर लागोपाठ आले तर दोघंही फिके पडतात. गिऱ्हाईक सांगत असायचं की टाके सुटतात, आणि ताई म्हणायची, हो, तिथे एक हसरं गाणं पाहिजे.

मिनिटांचा हिशेब वेळापत्रकाने अंगावर घेतला. टेपची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. तो खुर्चीत बसून घड्याळ लावायचा आणि कागदावर गाण्यांना बसच्या फेऱ्यांसारखं बसवायचा.

"हे पाच मिनिटं वीस सेकंदांचं काढ, त्याजागी ते चार दहाचं घे. म्हणजे शेवटी अकराच सेकंद उरतात."

"ते पाच वीसचं सुतळीचं लाडकं आहे. ते निघणार नाही."

"मग गाडी उशिरा पोचेल."

"पोचू दे. तुम्ही उंटावरून शेळ्या हाकू नका, इकडे येऊन ही रेकॉर्ड पुसा."

आणि तो येऊन रेकॉर्ड पुसायचा, बाहेरून आत की आतून बाहेर यावर वाद घालत. तिसऱ्या आठवड्यात त्याची मान ढोलावर हलायला लागली होती. ताईने पाहिलं, पण बोलली नाही. बोलली असती तर तो थांबला असता.

भरताना एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. डेकवरचे आवाजाचे काटे जरा आळशी झाले होते, अर्ध्यापर्यंत जाऊन परत फिरायचे. तिने बटण पिळून आवाज वाढवला. हेडफोन जोडलेला होता प्लेयर आणि डेकच्या मधल्या अँप्लिफायरला, म्हणजे दोन तारांची एक होण्याच्या अलीकडे. तिथे सगळं ठाकठीक. पलीकडे टेपवर काय चाललंय हे बघायला टेप ऐकावी लागली असती, आणि नियम म्हणजे नियम. शेवटचं गाणं संपलं, ताईने कॅसेटचे मागचे दोन्ही खिट्टे मोडले, की आता चुकूनही कुणी पुसू शकणार नाही, आणि वर कागद चिकटवला. बावीस गाणी, नव्वद मिनिटं. तिला इतकं छान वाटलं, की तिने नवऱ्याला आपणहून चहा केला.

रविवारी दुपारी चारला ती भावाकडे गेली. वेळापत्रकाची डेपोत पाळी होती. भावजयीने दार उघडलं आणि डोळ्यांनीच विचारलं, सांगितलं तर नाही ना? सुतळी स्वयंपाकघरात टेबलापाशी बसला होता. ताई त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली, कॅसेट टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "घे. तुझ्यासाठी."

सुतळी हसला आणि त्याने मान हलवली.

ताई त्याच्या डाव्या हाताला बसली होती. तिने कॅसेट उचलून त्याच्या नाकासमोर धरली. त्याने ती घेतली, गाण्यांची यादी वाचली, एका नावावर अंगठा फिरवला आणि परत ठेवली.

"छान आहे. ऐकेन कधीतरी."

"आत्ता ऐक. पहिलं ऐकणं माझ्यासमोर."

"ताई, नको. मला आता त्यात राम वाटत नाही."

"वाटेल. यात दोन्ही बाजू एकत्र केल्यात मी," ताई मोठ्याने म्हणाली. आता माघार नव्हती. "डावीकडचंही तुला उजव्या कानात येईल. काहीही सुटणार नाही."

सुतळीने बायकोकडे पाहिलं. ती कपाटातल्या टॉवेलच्या घड्या पुन्हा घालायला लागली होती.

"तुला कुणी सांगितलं?"

"मी मोठी आहे तुझ्याहून. मला सांगावं लागत नाही."

"माझा कान ठीक आहे," सुतळी म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "उगाच माझी कीव करायला येऊ नकोस. बघू, काय दिवे लावलेत ते." आणि रागारागाने त्याने खणातून वॉकमन काढला, टेप घातली, हेडफोन चढवला आणि बटण दाबलं.

ताई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. पहिल्यांदा त्याच्या कपाळावर आठी आली. मग भुवया वर गेल्या. मग त्याचा हात टेबलावर आला आणि बोटांनी ठोका धरला, आधी हळू, मग जोरात. त्याचे ओठ हलायला लागले. पुटपुट वाढली, आणि मग सुतळी चक्क बोलायलाच लागला, ते पहिलं गाणं, खणखणीत, एकही शब्द न चुकता, टेबल बडवत. भावजयीच्या हातातला टॉवेल खाली पडला. ताईचे डोळे भरून आले. जमलं, जमलं, असं ती मनात म्हणत होती.

गाणं संपलं. सुतळीने बटण दाबून टेप थांबवली.

"ताई," तो म्हणाला, "यातली माणसं कुठे गेली?"

"कुठली माणसं?"

"बोलणारी. एकही नाही. मला वाटलं आता येईल, मग येईल. कोणी येईना, म्हणून मीच बोललो."

ताईने हेडफोन ओढून स्वतःच्या कानांना लावला. तुतारी होती. खरवड होती. मागची मंडळी "हो! हो!" करत होती. पण ज्याला ते हो म्हणत होते, तोच नव्हता. बंद दारापलीकडे कुणीतरी खोकावं इतपत त्याची खूण शिल्लक होती. मोठा ढोलही गेला होता. तिने टेप पुढे नेली. दुसरं गाणं, तसंच. पाचवं, तसंच. बाजू बदलली. तसंच. बावीस गाण्यांतली सगळीच्या सगळी माणसं तिने तीन आठवडे खपून, काटेकोरपणे पुसून टाकली होती.

तिने डोळे मिटले आणि मनातल्या मनात डेकपासून उलटी निघाली. डेक, एक झालेली तार, अँप्लिफायर, प्लेयर, सुई. सुईपाशी ती थांबली.

"लाल आणि हिरवी," ती म्हणाली. "मेले मी. उलटी लावली."

"म्हणजे?"

"म्हणजे करवतीच्या दोन टोकांना दोघं एकाच वेळी आपापल्याकडे ओढतायत. करवत जागची हलणार का? तसं झालं. जे दोन्हीकडे सारखं असतं ते एकत्र आल्यावर एकमेकांना खाऊन टाकतं. आणि बोलणारा नेमका मधोमध, दोन्हीकडे सारखा." तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "तुला सगळं ऐकू यावं म्हणून केलं रे. आणि होतं तेही घालवलं. कानात कापूस घालून बघितलं मी. तुतारी आणली तुझी, आणि माणूस घालवला. चष्मा डोक्यावर होता माझा."

"करायला गेलात गणपती..." भावजय म्हणाली आणि तिने जीभ चावली.

आणि सुतळी हसला. मघासारखं मान हलवून नव्हे. आधी पोट हललं, मग खांदे, मग त्याने टेबलावर डोकं ठेवलं आणि तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "बावीस!" तो म्हणत होता. "बावीसच्या बावीस! आणि वर खिट्टेही मोडलेत शहाणीने!" भावजय त्याच्या पाठीवर थापट्या मारता मारता स्वतःच हसायला लागली. चार महिन्यांत तिने हे हसणं ऐकलं नव्हतं. ताई मात्र रडवेलीच बसली होती.

"दे इकडे ती टेप. मी पुन्हा भरते," ती म्हणाली.

"हात लावू नकोस." सुतळीने कॅसेट वॉकमनमधून काढली, उठला आणि शेगडीशेजारच्या जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली. "अगं, आयुष्यभर मी त्या लोकांच्या आवाजावर आवाज चढवून बोलत आलो. आज पहिल्यांदा त्यांनी मला जागा करून दिली. तुला कळतंय का काय मजा आली ते?"

त्याने टेप पुढे पळवली आणि ते पाच मिनिटं वीस सेकंदांचं गाणं लावलं. तुतारी वाजली. सुतळीने टेबलावर ढोलाचा ठेका धरला आणि तो सुरू झाला. हे गाणं दोघांचं होतं. एकाने टोला हाणायचा, दुसऱ्याने परतवायचा, एकाने अर्धी ओळ टाकायची, दुसऱ्याने ती उचलून पुरी करायची. सुतळीने आपली अर्धी ओळ टाकली आणि ताईकडे बोट केलं.

जागा रिकामी गेली. तुतारी एकटीच वाजली.

त्याने पुढची अर्धी टाकली आणि पुन्हा बोट केलं.

"मला नाही येत!" ताई ओरडली. "माझी जीभ..."

"तुझ्या जिभेला काय धाड भरलीय, मघापासून करवत करवत करतेयस!"

तिसऱ्यांदा बोट आलं तेव्हा ताईच्या तोंडातून ते निघून गेलं. ठोक्याच्या जरा मागे, आवाज फाटलेला, पण शब्द बरोबर. तिलाच कळेना की ते तिच्यात होते. पस्तीस वर्षांपूर्वी पॉजच्या बटणावर बोट ठेवून तिने ते ऐकले होते, ते जाणार कुठे? पुढची जागा आली, तीही तिने भरली. त्याच्या पुढची आणखी जोरात. एका ठिकाणी तिचा श्वास संपला, एका ठिकाणी तिने सुतळीचीच ओळ पळवली, आणि भावजयीने कपाटाच्या दारावर ढोलाचा ठेका धरला. ताई लाजली नाही. लाजायला वेळच नव्हता. पंचावन्न वर्षांची बाई, बोटांना मशीनचं तेल, आणि आनंदाने तिचा चेहरा फुलून आला होता.

पण मध्येच सुतळी गडबडला. ताईची ओळ बोलून झाली होती आणि तो थांबून तिच्या ओठांकडे बघत राहिला. पुन्हा तसंच झालं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा त्याने हात लांब करून टेप थांबवली.

त्याने एकदा बायकोकडे पाहिलं, आणि मग बहिणीकडे.

"ताई," तो म्हणाला, "तू इकडे येऊन बस. त्या बाजूने मला ऐकू येत नाही."

कपाटाच्या दारावरचा भावजयीचा हात तसाच राहिला. ताई उठली, खुर्ची उचलून टेबलाला वळसा घालून आली आणि त्याच्या उजव्या हाताला, खांद्याला खांदा लागेल अशी बसली.

"अजिबातच नाही?" तिने विचारलं.

"अजिबात नाही," सुतळी म्हणाला, आणि त्याने टेप मागे नेली.